आवरेज

गेल्या आठवड्यात आमच्या गाडीत एक नवे सहप्रवासी आले. पवारसाहेब. कंपनीत बदलीवर आलेले, पालघरात आमच्याच सोसायटीत उतरलेले. पहिल्याच दिवशी कोळगावच्या पुढे, बऱ्याच लांब एका ट्रकचे मागचे दिवे लाल झाले आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी आपली, कसलीच घाई नसल्यासारखी, नुसती वाहत राहिली. पवारसाहेबांनी आधी सभ्यपणे खिडकीबाहेर बघितलं. मग न राहवून पुढे वाकले.

"बंद पडली काय हो?"

"नाही," मी म्हटलं. "आवरेज चाललंय."

त्यांच्या शेजारी बसलेल्या शिंदेमॅडमनी हसू दाबलं. माझ्या बाजूला झोपलेले जोशी झोपेतच म्हणाले, "त्यांना तांडेलकाका सांगा."

मग बोईसर येईपर्यंत मी तांडेलकाकाच सांगत होतो. तेवढ्यात ते संपले नाहीत, म्हणून उरलेले इथे लिहितो आहे.

आधी थोडं माझ्याविषयी, कारण त्याशिवाय काकांची थोरवी कळायची नाही. मी सोलापूरकडचा. गाडी शिकलो ती तिकडच्या मोकळ्या रस्त्यांवर, जिथे समोरून फार तर एखादी उसाची ट्रॉली यायची. त्यामुळे माझी समजूत अशी झाली होती की गाडीत एक पळवायची कळ असते आणि एक थांबवायची, आणि दोन्ही जीव खाऊन दाबायच्या असतात. माझी मुलगी माझ्या गाडीत बसण्याआधी आईकडून लिंबू मागून घ्यायची. आमची सौभाग्यवती शेजारी बसून पायाखालचं मॅट असं दाबायची की माझ्या बाजूच्या आधी तिच्या बाजूचं फाटलं. मी मात्र स्वतःला उत्तम ड्रायव्हर समजत होतो. तसं कोण समजत नाही?

अशा माणसाच्या वाट्याला तांडेलकाका आले.

आमची कंपनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. मी प्रयोगशाळेत, जोशी हिशेबाला, शिंदेमॅडम इन्स्ट्रुमेंट विभागात आणि काका बॉयलरवर. आम्ही तिघं पालघरचे. काका सातपाटीचे. सकाळी ते आपली छोटी पांढरी गाडी घेऊन निघायचे आणि पालघरला आम्हाला उचलायचे. पेट्रोल चौघांचं, गाडी त्यांची, आणि गाडीत शब्दही त्यांचाच. ठेंगणे, उन्हानं रापलेले, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. स्टिअरिंगवर हात असा ठेवायचे, जसा झोपलेल्या नातवंडाच्या पाठीवर ठेवतात. आणि नजर लांब, अगदी रस्ता संपतो तिथे.

"समोरच्या गाडीला काय बघता?" ते म्हणायचे. "तिच्या पुढच्या गाडीला बघा. तिला काय वाटतंय ते कळलं पायजे."

तांडेल हे त्यांचं आडनावही होतं आणि खानदानी पदही. समुद्रावर बोटीचा जो मुख्य, ज्याच्या हातात सुकाणू, तो तांडेल. वडिलांची बोट होती. वडील गेल्यावर काकांनी नोकरी सांभाळून काही वर्षं ती चालवली. सुट्टी मिळाली की स्वतः समुद्रात जायचे. मग मासळी लांब गेली, खलाशी मिळेनासे झाले, एकुलती एक मुलगी नर्स होऊन विरारला गेली. बोट विकावी लागली. त्याच महिन्यात त्यांनी ही गाडी घेतली.

"गाडी कशाला घेतली विचारा," जयवंतीकाकी, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाल्या होत्या. "हातात सुकाणू नसलं की या माणसाला जेवण जात नाय. बोट विकली त्या आठवड्यात भांड्याला शिवला नाय. गाडी आली नि दोन वेळा मागून जेवला."

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

गाडीत आम्ही खलाशी होतो. पहिल्याच महिन्यात मी एक घोडचूक केली. सकाळी पुढचं दार उघडून मोठ्या सौजन्यानं म्हणालो, "काका, दमला असाल. आज मी चालवू का?"

काका काही बोलले नाहीत. उमरोळी गेली, सरावली गेली, बोईसर आलं, काका बोलले नाहीत. कंपनीच्या गेटात गाडी लावून, चावी खिशात टाकून मग म्हणाले, "साहेब, आमच्यात सुकाणू कोण मागत नाय. तांडेल आपणहून म्हणतो, 'धर'. मग धरायचं."

त्यानंतर त्या गाडीत कोणी काही मागितलं नाही. खिडकी उघडायलासुद्धा आम्ही नजरेनं परवानगी घ्यायचो.

खिडकीवरून आठवलं. काकांचे नियम होते आणि ते समुद्रावरून आलेले होते. गावात खिडक्या उघड्या, मोकळ्या रस्त्याला लागलो की बंद, कारण "वारा आत घेऊन कुठं चाललाव? त्याला पण वाहायला पेट्रोल लागतं." टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, दर रविवारी. फाटकाला किंवा कुठं अडकलो की इंजिन बंद. डिकीत वजन नको. या शेवटच्या कलमाखाली माझी जादा छत्री, जोशींच्या जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा आणि शिंदेमॅडमचे व्यायामाचे डंबेल्स एकाच दिवशी हद्दपार झाले. "काका, डंबेल्स उद्या जिमला न्यायचेत की," मॅडम म्हणाल्या. त्या साताऱ्याच्या, सहजी ऐकणाऱ्या नव्हेत. काका म्हणाले, "मग हातात धरा. व्यायाम पण होईल." त्यांनी खरंच बोईसरपर्यंत हातात धरले.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे ब्रेक. काका ब्रेक वापरायचे नाहीत. वापरावा लागला तर चेहरा असा करायचे, जसा आपण उधार मागायला जाताना करतो.

"बोटीला कुठं ब्रेक असतो?" ते म्हणायचे. "बंदर दिसलं की लांबूनच मशीन कमी करायची. बोट आपली येते सरकत, धक्क्याला नाक लावते. जो जोरात येतो नि मग रिवर्स मारतो, त्याला पोरंसोरं हसतात. जेवढा जोर ब्रेकवर, तेवढं पेट्रोल फुकट घालवलेलं असतं आधी." त्यांची कसोटी एकच होती. गाडी कधी थांबली ते झोपलेल्या माणसाला कळता कामा नये. झोपलेला माणूस म्हणून जोशींची नेमणूक झाली होती आणि ते आपलं काम निष्ठेनं करायचे. गेटात गाडी उभी राहिल्यावर आम्ही त्यांना हलवून उठवायचो आणि ते रोज विचारायचे, "निघालो का?"

या सगळ्याला काकांनी एकच नाव दिलं होतं. आवरेज.

आपल्याकडे गाडी किती पेट्रोल खाते हे कोणी विचारत नाही, ॲव्हरेज किती देते असं विचारतात. काकांनी हा शब्द पंपावर ऐकला आणि त्याचा अर्थ त्यांनी स्वतः लावला. एकदा मी सहज म्हटलं, "काका, तुमच्याएवढं ॲव्हरेज मला का मिळत नाही हो?"

"तुमाला आवरत नाय म्हणून."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? आवरेज म्हणजे आवरणं. पायाला आवरायचं, हाताला आवरायचं. पुढं रिकामा रस्ता दिसला की पोटात जी घाई होते ना, तिला आवरायचं. नावातच हाय."

जोशी झोपेतून खडबडून जागे झाले. जोशींना भाषेच्या चुका झोपेतही ऐकू येतात. "अहो काका, तो इंग्रजी शब्द आहे. ॲव्हरेज. सरासरी. त्याचा आवरण्याशी काडीचा संबंध नाही."

काकांनी जरा विचार केला. "इंग्रज वसईकडनं गेले ना जोशी?"

"गेले असतील. त्याचं काय?"

"मग घेतला असंल त्यांनी आपल्याकडनं."

जोशी पुन्हा झोपले. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की बोईसरच्या रस्त्यावर जे होतं त्याला काका भरती म्हणायचे. सायकली, टेम्पो, रिक्षा, कामगारांच्या बस. माझ्यासारखा माणूस त्यात हॉर्नवर हात ठेवून गाडी दामटतो. काका भरतीत गाडी नुसती तरंगत ठेवायचे. एकदा मागच्या टेम्पोवाल्याला हे असह्य झालं. त्यानं हॉर्नचा जीव घेतला, मग शेजारी येऊन मान बाहेर काढली.

"ओ चाचा, चलाना है या बैठना है?"

"तू आगे जा बेटा," काका म्हणाले.

टेम्पो गर्जना करत पुढे गेला आणि पुढच्या चौकात, जिथे सगळं ठप्प होतं, तिथे त्याचे ब्रेक किंचाळले. आमची गाडी तरंगत तरंगत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघांच्या खिडक्या समोरासमोर. मला वाटलं, आता काका काहीतरी सणसणीत बोलणार. मी ऐकायला पुढे सरकलोसुद्धा. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घर पे सब ठीक?"

टेम्पोवाला हसला. "ठीक है चाचा."

"फिर क्यूं भागता है?"

आता इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, काकांचं सगळंच बरोबर असायचं. तसं असतं तर त्यांच्याबरोबर रोज प्रवास करणं अवघड झालं असतं. काकांची एक चूक अशी जबरदस्त होती की ती आठवली की अजून माझे तळपाय ओले होतात.

मनोरला शिंदेमॅडमच्या भावाचं लग्न होतं. पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. वर वाघोबाचं देऊळ, देवळासमोर माकडं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक गाडीवाला तिथे थांबून नाहीतर निदान मान झुकवून पुढे जातो. काका चढावर थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चालत्या गाडीतूनच हात जोडले, "देवा, चढ हाय, रागवू नको," असं म्हणाले आणि माथा ओलांडल्यावर शांतपणे चावी फिरवून इंजिन बंद केलं.

शिंदेमॅडम पुढे बसल्या होत्या. "काका, काय बंद केलं तुम्ही?"

"मशीन. उतार हाय. आपसूक जाते, तर पेट्रोल कशाला जाळा?"

गाडी आपसूक गेली. भलतीच आपसूक गेली. वळण आलं तेव्हा स्टिअरिंग वळेना, दगडासारखं घट्ट. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा निम्मा लागला, तिसऱ्यांदा नुसता घट्ट उभा राहिला. जोशी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत पूर्ण जागे होते आणि बहुधा सगळी स्तोत्रं एकदम म्हणत होते. काका मात्र ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकून त्यांनी गाडी कडेच्या मातीच्या बांधाला अशी घासत नेली की ती खरडत, कुरकुरत अखेर थांबली. एक टायर फुटला. एका माकडानं बांधावरून आमच्याकडे बघितलं आणि त्याला आमचं काही विशेष वाटलं नाही.

मग शिंदेमॅडम म्हणाल्या, "काका, इंजिन बंद केलं की स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत जाते. आणि पेट्रोलचंच म्हणाल तर आजकालच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये, पाय काढून सोडल्या ना, तर तशाही पेट्रोल घेत नाहीत. न्यूट्रल केली तर उलट थोडं लागतं. हे कशासाठी केलं तुम्ही?"

काका खाली उतरले. गाडीला एक चक्कर मारली. टायरकडे बघितलं, बांधाकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "समुद्राला उतार नसतो."

त्यांच्या सगळ्या शास्त्रातलं हेच एक भोक होतं आणि ते त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. पुढे कोणी उतारावर न्यूट्रल करताना दिसला की ते खिडकीतून ओरडायचे, "गिअरमध्ये ठेव, बाबा. आमच्या शिंदेबाईनं सांगितलंय."

टायर बदलायला मी डिकी उघडली. स्टेपनी काढताना हाताला काहीतरी गार, जड लागलं. गोणपाटात गुंडाळलेला लोखंडी नांगर होता. बोटीचा. माझी छत्री आणि मॅडमचे डंबेल्स ज्या डिकीतून हद्दपार झाले होते, त्या डिकीत.

"काका," मी म्हटलं, "हे वजन नाही का?"

त्यांनी माझ्या हातातून तो घेतला, पुन्हा गोणपाटात गुंडाळला आणि होता तिथे ठेवला.

"ते वजन नाय," ते म्हणाले.

शिंदेमॅडमनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मी स्टेपनी घेऊन टायरकडे वळलो.

मग ती सरावलीची सकाळ आली. रोजचीच सकाळ, रोजचाच रस्ता. डाव्या गल्लीतून एक कामगार सायकलवर बाहेर आला, हँडलला डबा लटकावलेला. मला तो दिसला, मागे बसलेल्या मॅडमना दिसला. काकांना दिसला नाही. पुढे चौक असल्यानं त्यांचा पाय आधीच उचललेला होता, गाडी माणसाच्या चालीनं चालत होती, म्हणून सायकल आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर राहिली. सवयीनं वाचवलं. ब्रेक काकांनी मारला, पण तो सायकलवाला अगदी काचेसमोर आल्यावर.

सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. "अरे काका, देखा नहीं क्या?"

कोणीही दुसरा असता तर म्हणाला असता, तू कुठनं घुसलास. काका म्हणाले, "नहीं. नहीं देखा."

सायकलवाल्याला अशा उत्तराची सवय नसावी. तो डबा सावरून निघून गेला. काकांनी हळूच डावा हात वर करून स्वतःच्या कानाजवळ नेला आणि बोटं हलवली. बोटं दिसतात का ते बघत होते. ब्रेकनं जागे झालेले जोशी धरून आमच्या तिघांच्या ते लक्षात आलं आणि तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर काका गाडी आणत राहिले, पूर्वीपेक्षाही हळू. दुपारी कँटीनमध्ये आम्ही तिघं कुजबुजत बसायचो. सांगायला हवं होतं. चालवू नका, म्हणायला हवं होतं. पण सुकाणू मागायचं कोणी? बोट विकली त्या आठवड्यात जेवण न गेलेला तो माणूस होता. आता त्याच्या हातातून हेही काढून घ्यायचं तर ते सांगायला तोंड कुणाचं?

"मी सांगते," शिंदेमॅडम म्हणाल्या. संध्याकाळी गाडीत बसल्या आणि मनोरच्या हवेविषयी बोलल्या.

तोडगा काढला जोशींनी. ज्या माणसाला मी त्या गाडीत क्वचितच जागा पाहिला होता, तो दुसऱ्या दिवसापासून पुढच्या सीटवर ताठ बसायला लागला, आणि गप्पा मारायला लागला.

"अरे वा, काय सुंदर सायकल आहे ती. डावीकडची."

थोडं पुढे गेल्यावर, "ही म्हैस बघा, किती तुकतुकीत. डावीकडून येतेय, नाही का?"

मग, "रिक्षाचा रंग आवडला मला. ती डावीकडची, वळते आहे ती."

काका पाय उचलत होते. म्हैस गेली, रिक्षा गेली. तिसऱ्या दिवशी उमरोळीजवळ ते म्हणाले, "जोशी, तुमाला हल्ली डाव्या बाजूची लय आवड लागली."

जोशी लाल झाले. "नाही, आपलं... निसर्ग वगैरे."

"झोपा आता," काका म्हणाले. पण आवाज मऊ होता, आणि जोशी झोपले नाहीत.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं ठीक, बाजूचं गेलेलं, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. हे मला जयवंतीकाकींच्या फोनवरून कळलं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी एसटीनं सातपाटीला या, यांनी सांगितलंय." का, ते सांगितलं नाही.

मी पोचलो तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशी धुऊन पुसून उभी होती. काका इस्त्रीच्या शर्टात, डाव्या दाराजवळ उभे. डाव्या. मला ते आजवर 'साहेब' आणि 'तुमी' म्हणत आले होते. त्यांनी चावी पुढे केली.

"धर," ते म्हणाले.

माझ्या तोंडून बाहेर पडलं, "काका, शिंदेमॅडम माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवतात."

"म्हणून तर. त्या बाईला शिकवायला काय उरलंय? तुला शिकवायला माझी नोकरीतली राहिलेली वर्सं पुरायची नायत." मग डावीकडे बसले, पट्टा लावला आणि समोर, रस्ता संपतो तिथे, बघायला लागले. "हळू उचल. पोटातली घाई आवर."

मी पहिल्याच झटक्यात गाडी बंद पाडली. आज सकाळी काका जेवून आलेत का, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. उगीचच. ते काय चेहऱ्यावर दिसतं?

कळलं ते दुपारी, कँटीनमध्ये. त्यांनी भात पुन्हा मागून घेतला.

मग माझं शिक्षण सुरू झालं. त्यातला एकच प्रसंग सांगतो, कारण बाकीचे माझी मुलगी सांगते आणि मीठमसाला लावून सांगते. काकांनी एके दिवशी जयवंतीकाकींच्या हातचं बोंबलाचं कालवण आणलं, सैल झाकणाच्या डब्यात. डबा त्यांनी मागे बसलेल्या जोशींच्या मांडीवर ठेवला. जोशी अंडंसुद्धा खात नाहीत.

"काका, हे मलाच का?"

"तुमच्या मांडीवर असला म्हणजे हा जपून चालवील."

त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं आणि जोशींनी पांढरी पँट घातली होती. उमरोळीच्या पुढे एक बैल रस्ता ओलांडत होता. तो मला लांबून दिसला होता, हे मी आजही शपथेवर सांगतो. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मग सोलापूरच्या पद्धतीनं ब्रेक मारला.

मागून जोशींचा फक्त एक सुस्कारा आला.

"बैल किती लांबनं दिसला?" काकांनी विचारलं.

"बराच लांबून."

"मग काय करत होतास?"

"बघत होतो."

"बघितलंस. आवरायचं राहिलं."

दिवसभर जोशी हिशेब दाखवत होते आणि ऑडिटर नाक वर करून श्वास घेत होता. आम्हाला वाटलं, आता कंपनीचं काही खरं नाही. दुपारी त्यानं जोशींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इथे बोंबील कुठे चांगले मिळतात हो?"

हळूहळू मला यायला लागलं. ते मला कळलं नाही, घरच्यांना कळलं. एका रविवारी सासुरवाडीहून परत येताना मुलगी लिंबू न मागता बसली आणि केळवं रोडपाशीच झोपली. घरासमोर गाडी थांबली तरी उठली नाही. सौभाग्यवतीनं आधी मुलीकडे, मग माझ्याकडे बघितलं. "गाडी चालवताना आवरायला शिकलात," ती म्हणाली, "आता जेवताना शिका."

मी काकांना हे फोन करून सांगितलं. ते पलीकडे हसत राहिले. इतके की जयवंतीकाकींनी फोन काढून घेऊन विचारलं, "काय झालं यांना?"

काका निवृत्त झाले. दवाखाना मुलीच्या जवळचा बरा म्हणून विरारला राहायला जायचं ठरलं, आणि गाडी माझ्याकडे आली. अजूनही त्यांचा फोन येतो तेव्हा माझी, बायकोची, मुलीची चौकशी नंतर होते. पहिला प्रश्न, "आवरेज काय देते?" मी आकडा सांगितला की ते म्हणतात, "गाडीचं नाय विचारलं."

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिले आहेत ते विरारला जायच्या आदल्या दिवशीचे काका. मी कागदांवर त्यांची सही घ्यायला सातपाटीला गेलो होतो. निघताना ते गाडीपर्यंत सोडायला आले, टायरांवरून हात फिरवला, मग म्हणाले, "डिकी उघड."

मी उघडली. त्यांनी गोणपाटातला नांगर उचलून खांद्यावर घेतला.

"राहू दे की काका," मी म्हटलं. "ते वजन नाही, तुम्हीच म्हणाला होतात."

"माझ्या हातात सुकाणू होतं तोवर नव्हतं," ते म्हणाले. "आता हाय. तुझं आवरेज कमी करंल." आणि गल्लीत वळले.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, मधूनमधून सुकत घातलेली मासळी. मी गाडीजवळ उभा राहून बघत होतो. काका एका चालीनं चालले होते, दर चार पावलांनी मान पूर्ण डावीकडे वळवत, मग पूर्ण उजवीकडे, बाजूचं दिसत नाही म्हणून. डाव्या बोळातून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. ती त्यांना दिसली असेल की नाही, सांगता येत नाही, पण बोळ यायच्या आधीच त्यांची चाल हलकी झाली होती. ती समोरून गेली, आणि ते थांबले नाहीत. घर दिसलं तशी चाल आणखी हलकी झाली. दारात जयवंतीकाकी उभ्या होत्या. त्या एका बाजूला सरल्या.

काका ओट्याशी आले, गुडघे वाकवले आणि खांद्यावरचा नांगर खाली घेतला. गल्ली शांत होती, मी कान देऊन उभा होतो. नांगर ओट्याला कधी टेकला, ते मला कळलं नाही.